फ्लॉरेन्सचा खजिना फ्लॉरेन्समध्येच कसा राहिला

फ्लॉरेन्सला जायचं ठरलं की बहुतेक जण दोनच गोष्टींची तिकिटं आधी काढतात, उफीझी आणि मायकेलएंजेलोचा डेव्हिड, आणि मग वेळ उरला तर बाकीचं. त्यात चूक काही नाही. पण थोडी पार्श्वभूमी माहीत असेल तर तेच शहर खूप वेगळं दिसतं, आणि मला तर वाटतं की इथली चित्रं बघण्याआधी ती चित्रं इथे का आहेत हे कळायला हवं. कारण एवढ्याशा शहरात, जिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालतच जाता येतं, एवढी म्युझियम्स कशी काय, याचं "इथे मोठमोठे कलाकार होऊन गेले म्हणून" हे उत्तर अर्धवट आहे.

कलाकार आणि संग्रह इतर शहरांतही होतेच की. मांतुआच्या गोंझागा घराण्याकडे युरोपातला एक नंबरचा संग्रह होता, पैशाची तंगी आली आणि १६२७-२८ च्या सुमारास त्यातला मोठा भाग इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला विकला गेला. मोडेनाच्या ड्यूकने १७४६ मध्ये आपली सर्वात चांगली शंभर चित्रं ड्रेस्डेनला विकली, ती आजही तिकडेच आहेत. पार्माचा फार्नेसे संग्रह तर वारसाहक्काने बोर्बोन घराण्याच्या चार्ल्सकडे गेला आणि त्याने तो १७३४ नंतर गाड्या भरभरून नेपल्सला हलवला. खुद्द फ्लॉरेन्सलाही असा फायदा झालाय बरं का, टिशियनची जगप्रसिद्ध "व्हीनस ऑफ उर्बिनो" १६३१ मध्ये उर्बिनोच्या शेवटच्या वारसदार व्हित्तोरियाबरोबर इथे आली. म्हणजे त्या काळातला रिवाजच असा, घराणं संपलं की संग्रह हलला.

आणि १७३७ मध्ये फ्लॉरेन्सवर राज्य करणारं मेडिची घराणं संपलं.

शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने ९ जुलै १७३७ ला वारला, मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागे तस्कनी, म्हणजे फ्लॉरेन्स ज्याची राजधानी ते राज्य, कोणाला द्यायची हे युरोपातल्या मोठ्या सत्तांनी आधीच आपापसात ठरवून टाकलं होतं, मेडिचींना कोणी विचारलंही नाही. लोरेन प्रांतावर पाणी सोडायला लागलेल्या फ्रान्सिस स्टीफनला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या नवऱ्याला, त्याच्या बदल्यात तस्कनी मिळाली. आता राज्य गेलं ते गेलं, पण घराण्याने तीनशे वर्षं जमवलेली चित्रं, पुतळे, पुस्तकं, रत्नं ही खाजगी मालमत्ता होती आणि ती आली जान गास्तोनेच्या मोठ्या बहिणीकडे, आन्ना मारिया लुईझाकडे. लग्न होऊन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेलेली, १७१६ मध्ये विधवा झाली, पुढच्या वर्षी माहेरी परत आली, तिलाही मूल नव्हतं. सत्तर वर्षांची बाई, मागे सैन्य नाही, सत्ता नाही. तिने ३१ ऑक्टोबर १७३७ ला नव्या राजघराण्याशी एक करार केला ज्याला "फॅमिली पॅक्ट" म्हणतात. सगळा संग्रह नव्या ड्यूकला आणि त्याच्या वारसांना देते, पण अट अशी की यातलं काहीही राजधानीच्या आणि राज्याच्या बाहेर न्यायचं नाही. आणि कारणही करारातच लिहिलंय, राज्याची शोभा राहावी, लोकांना उपयोग व्हावा आणि परदेशी लोकांना इथे यावंसं वाटावं. १७३७ मध्ये! टुरिझम असा काही धंदा असतो हे जगाच्या डोक्यातही नव्हतं तेव्हा एका बाईने ते कायदेशीर कागदात घातलं, याचं मला फार मोठं कौतुक वाटतं. १८ फेब्रुवारी १७४३ ला ती पित्ती पॅलेसमध्ये, म्हणजे घराण्याच्या राजवाड्यात, वारली. अजूनही दर वर्षी त्या तारखेला फ्लॉरेन्स महानगरपालिकेची म्युझियम्स तिच्या आठवणीत मोफत असतात, फेब्रुवारीत जाणार असाल तर लक्षात ठेवा.

करार शंभर टक्के पाळला गेला असं मात्र नाही. पिवळसर रंगाचा १३७ कॅरटचा प्रसिद्ध फ्लॉरेन्टाइन हिरा व्हिएन्नाला गेला तो गेलाच, पहिल्या महायुद्धानंतर तो कुठे आहे हेच जगाला माहीत नव्हतं, २०२५ मध्ये हॅब्सबर्ग कुटुंबाने सांगितलं की तो कॅनडातल्या एका बँकेत ठेवलाय. मेडिचींची शस्त्रं अठराव्या शतकातच बरीचशी विकली गेली. नेपोलियनच्या माणसांनी पित्तीतली चित्रं पॅरिसला नेली, "मेडिची व्हीनस" हा पुतळाही नेला, आणि वॉटर्लूनंतर ते परत आणावं लागलं. पण मोठा गठ्ठा जागेवर राहिला आणि बाकी सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता इमारतींकडे या, कारण इथली गंमत अशी की जुन्या म्युझियम्सपैकी जवळजवळ कुठलीच इमारत म्युझियम म्हणून बांधलेली नाही. उफीझी हे चक्क सरकारी कचेऱ्यांचं संकुल. पहिल्या कोसिमो ड्यूकला शहरातली वेगवेगळी खाती आणि न्यायाधीश आपल्या नजरेखाली एका जागी हवे होते, म्हणून १५६० मध्ये जॉर्जिओ वासारीने काम सुरू केलं. खाली कारकून आणि फायली, आणि सर्वात वरच्या मजल्यावर कोसिमोचा मुलगा फ्रांचेस्को याने १५८० च्या दशकात आपले पुतळे आणि आवडत्या वस्तू मांडायला सुरुवात केली. त्याच वेळची ती अष्टकोनी खोली, ट्रिब्यूना. घुमटात शिंपल्यांचे तुकडे जडवलेत, भिंतींवर लाल मखमल, खाली रंगीत दगडांची फरशी. आत जाऊ देत नाहीत, दारातूनच बघायचं, आणि बरेच लोक दोन सेकंद डोकावून पुढे पळतात, तसं करू नका, म्युझियममधली खोली कशी असावी याचा विचार युरोपात जिथे सुरू झाला त्यातली ही एक जागा आहे.

सामान्य लोकांना उफीझी उघडली १७६९ मध्ये, लूव्र म्युझियम व्हायच्या चोवीस वर्षं आधी. ती उघडणारा पिएत्रो लिओपोल्दो, म्हणजे त्या फ्रान्सिस स्टीफनचा मुलगा. हा माणूस जरा थांबून बघण्यासारखा आहे. वडिलांनी तस्कनीत जेमतेम काही महिने घालवले, हा मात्र इथे येऊन राहिला आणि कामाला लागला. तोपर्यंत मेडिची संग्रहात चित्रं, दुर्बिणी, मगरीची कातडी, चिनी मातीची भांडी सगळं एकत्र असायचं. त्याने ते वेगळं काढलं. शास्त्राचं सगळं पित्तीच्या शेजारच्या इमारतीत हलवून १७७५ मध्ये "ला स्पेकोला" नावाने लोकांना उघडलं. तिथे मेणाची माणसं आहेत, म्हणजे शरीराच्या आतले स्नायू, शिरा, आतडी, सगळं खऱ्या रंगात मेणात बनवलेलं, का तर डॉक्टरकी शिकणाऱ्यांना प्रत्येक वेळी प्रेत फाडायला लागू नये. क्लेमेंते सुझिनीची ती झोपलेली तरुण स्त्री, केस मोकळे, गळ्यात मोत्यांची माळ आणि पोट उघडून आतले अवयव एकेक थर काढता येतील असे. बघताना अंगावर काटा येतो आणि नजरही हटत नाही. बरीच वर्षं बंद ठेवून २०२४ मध्ये परत सुरू केलंय, गर्दी उफीझीच्या मानाने काहीच नसते.

ह्याच पिएत्रो लिओपोल्दोने १७८६ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली, आणि त्याचा थेट संबंध बार्जेल्लोशी आहे. १२५५ च्या सुमारास बांधायला घेतलेली ही दगडी इमारत आधी शहराच्या अधिकाऱ्याची कचेरी, मग पोलीसप्रमुखाचं ठाणं आणि तुरुंग. त्याच चौकात माणसं मारली जायची. शिक्षा रद्द झाल्यावर फाशीचं आणि छळाचं सामान त्याच चौकात जाळलं. तुरुंग मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता, मग तो हलवून १८६५ मध्ये तिथे शिल्पांचं राष्ट्रीय म्युझियम झालं. आज डोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड तिथे वरच्या हॉलमध्ये उभा आहे. चौकातल्या भिंतींवर जुन्या अधिकाऱ्यांची दगडी चिन्हं अजून आहेत, ती बघत जिना चढा.

१८६५ हे साल उगाच आलेलं नाही. त्या वर्षी फ्लॉरेन्स नव्या इटलीची राजधानी झालं, १८७१ पर्यंत होतं, राजा पित्तीत राहायला आला, आणि लगेच १८६६ मध्ये सरकारने मठ ताब्यात घेतले. त्यातूनच सान मार्को १८६९ ला म्युझियम झालं. मला विचाराल तर शहरात एकच जागा बघायची असेल तर ही. पंधराव्या शतकात कोसिमो मेडिचीने, म्हणजे थोरल्या कोसिमोने, स्वतःच्या पैशाने हा मठ नवा बांधून दिला आणि तिथेच राहणाऱ्या फ्रा अँजेलिको या साधूने भिंती रंगवल्या. जिना चढून वळलं की समोर देवदूत आणि मेरी. मग लांब लाकडी छताची ओसरी आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक खिडकी आणि एक भित्तिचित्र, बाकी काही नाही. ती चित्रं पाहुण्यांसाठी नव्हतीच, त्या खोलीत राहणाऱ्या एका माणसाने रोज बघत प्रार्थना करावी म्हणून होती, त्यामुळे रंग कमी, सोनं जवळजवळ नाहीच. इथल्या भिंतीवरची चित्रं हलवली नाहीत म्हणून हे कळतं, काचेत लावली असती तर नसतं कळलं.

याच राजधानीच्या दिवसांत आपल्याकडचं एक माणूस इथे येऊन गेलं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला गेले, अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, कासीने बागेत त्यांचं दहन झालं, तिथे १८७४ मध्ये छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा बसवला, आणि जवळचा मोटारींचा पूलही त्यांच्यामुळेच "भारतीयाचा पूल" म्हणून ओळखला जातो. मराठी माणसाने अर्धा दिवस काढून तिथे जावंच. दुसरा धागा गोव्याचा. जुन्या गोव्यात बॉम जेझूसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या संगमरवरी आणि रंगीत दगडी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला, दिला तिसऱ्या कोसिमो ड्यूकने, म्हणजे आन्ना मारिया लुईझाच्याच वडिलांनी, आणि तो १६९८ मध्ये गोव्यात बसवला. रंगीत दगड कापून जडवायचं हे काम करणारा ड्यूकचा कारखाना १५८८ मध्ये सुरू झालेला, आज त्याचं नाव ओपिफीचो देल्ले पिएत्रे दूरे. आकाद्मियापासून, म्हणजे डेव्हिड आज जिथे आहे त्या म्युझियमपासून, चालत दोन मिनिटांवर त्याचं छोटं म्युझियम आहे, गोव्यातला चौथरा पाहिला असेल तर इथे आल्यावर लगेच ओळख पटते.

महाराज वारले तेव्हा डेव्हिड अजून उघड्यावरच होता. १५०४ पासून पलाझ्झो वेक्कियोच्या, म्हणजे शहराच्या जुन्या सरकारी वाड्याच्या, दारात उभा. १५२७ च्या दंगलीत वरून फेकलेल्या बाकाने त्याचा डावा हात तुटला, तुकडे गोळा करून ठेवणाऱ्या दोन पोरांपैकी एक होता वासारी, तोच पुढे ज्याने उफीझी बांधली. १८४३ मध्ये तर स्वच्छ करायला म्हणून त्याला चक्क अ‍ॅसिडने धुतलं आणि वरचा थर गेला. शेवटी १८७३ मध्ये लाकडी सांगाड्यात लटकवून, रस्त्यात रूळ टाकून आकाद्मियात आणला, त्याच्यासाठी बांधलेली खोली तयार होऊन लोकांना बघायला मिळायला १८८२ उजाडलं. बाहेर आहे ती १९१० ची कॉपी.

डेव्हिडनंतर हे असं एकेक आत येतच गेलं, पण त्याला खरा वेग आला तो ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराने. आर्नो रात्रीतून शहरात घुसली, सांता क्रोचेच्या भागात काही ठिकाणी सहा मीटरच्या वर पाणी, आणि थंडीसाठी तळघरांत भरून ठेवलेलं जळणाचं तेल त्या पाण्यात मिसळलं, म्हणजे नुसता चिखल नाही, काळा तेलकट चिखल. चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या लाकडी क्रूसावरचा बहुतेक रंग वाहून गेला. बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, घिबेर्तीने घडवलेल्या सोनेरी दारांचे पाच पॅनेल निखळले. राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं भिजली, ती हातोहात वर काढायला जगभरातून तरुण पोरं आली, त्यांना अजून "चिखलातले देवदूत" म्हणतात. त्यातून शहराने आणि जगाने दुरुस्तीचं शास्त्रच नव्याने उभं केलं, आणि तो दगड जडवणारा जुना कारखाना आज जगातल्या मोठ्या संवर्धन संस्थांपैकी एक आहे. ती सोनेरी दारं सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१२ पासून काचेमागे डुओमोच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, म्युझियममध्ये आहेत, दारावर आता कॉपी.

पुराला तीस वर्षं व्हायच्या आत, २७ मे १९९३ च्या मध्यरात्री माफियाने उफीझीच्या मागच्या गल्लीत गाडीत बॉम्ब उडवला. पाच माणसं गेली, त्यात दोन लहान मुली, एक तर काही आठवड्यांची. तीन चित्रं कायमची नष्ट झाली आणि वासारीच्या कॉरिडॉरचंही नुकसान झालं. हा कॉरिडॉर १५६५ मध्ये पाच महिन्यांत बांधलेला, राजपुत्राच्या लग्नासाठी, कचेरीतून पोंते वेक्कियो पुलावरून थेट पित्तीपर्यंत, ड्यूकला रस्त्यावर उतरावंच लागू नये म्हणून. वाटेत मान्नेल्ली कुटुंबाचा मनोरा होता, त्यांनी पाडायला नकार दिला आणि ड्यूकला मुकाट्याने त्याला वळसा घालून जावं लागलं, ते वळण आजही पुलाच्या टोकाला खालून स्पष्ट दिसतं. २०१६ पासून कॉरिडॉर बंद होता, डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडला. तिकीट आधी काढावं लागतं, उफीझीच्या तिकिटाला जोडूनच मिळतं, आणि एकदा आत शिरलात की मागे फिरता येत नाही, थेट पित्तीच्या बोबोली बागेत बाहेर पडता, म्हणून उफीझी पूर्ण बघून झाल्यावरचीच वेळ घ्या. सोमवारी उफीझी, पित्ती आणि आकाद्मिया तिन्ही बंद असतात.