‘दोन तासांचं अंतर’ पुरत नाही

‘बीपीच्या गोळीनंतर दोन तासांनी कोणतीही गोळी घ्या, काही होत नाही.’ हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो, आणि थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांच्यात अंतर खरंच लागतं, कारण तिथे दोन्ही पोटात एकत्र आल्यामुळे अडचण होते.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी आणि हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्यांचं तसं नाही. अटेनोलॉलची सकाळची गोळी रात्रीही काम करत असते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं काही दिवस घेतली की शरीरात मीठ-पाणी साचतं आणि बीपी चढू शकतो. व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही बीपीची दुसरी औषधं तर हृदयाचा वेग कमी करणारीच. त्यांपैकी एखादं आणि बीटा ब्लॉकर मिळून नाडी फार मंदावू शकते. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब तर डोळ्यात घालायचे, तरी रक्तात उतरून हाच परिणाम वाढवतात.

पडताळा घरीच घेता येतो. पाकिटामागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. शेवटी ‘लॉल’ असेल तर ते बहुधा बीटा ब्लॉकर. नवी गोळी घेण्याआधी सगळ्या स्ट्रिप्स, थेंबांची बाटलीसुद्धा, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. पण घाबरून बीटा ब्लॉकर एकदम बंद करू नका. छातीत दुखणं उफाळू शकतं.