जुनी इलेक्ट्रिक भट्टी घेताय? पैसे देण्याआधी एवढं तपासा

पॉटरीत हात बसला की घरची भट्टी हवीशी वाटते, आणि नव्या भट्टीचा भाव ऐकला की बहुतेक जण जुनीच्या शोधात निघतात. जुनी जरूर घ्या. सांगाडा न गंजलेली आणि विटा शाबूत असलेली भट्टी दुरुस्तीनंतर अनेक वर्षं काम देते. मात्र विकणारा "चालू आहे" म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला एवढंच सांगायचं असतं की स्विच दाबला की कॉइल लाल होते. कॉइल लाल झाली म्हणजे भट्टी स्टोनवेअरला (जास्त तापमानावर भाजायच्या भांड्यांना) लागणाऱ्या १२२० अंशांना पोचेलच असं नाही. ती पोचेल का, हे मीटर लावून कळतं. तेवढं कळेपर्यंत इसार देऊ नका.

सगळ्यात आधी कॉइल

भट्टीच्या पाटीवर किलोवॅट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. समजा ६ किलोवॅट, २३० व्होल्ट, सिंगल फेज आहे. २३० चा वर्ग करा आणि ६००० ने भागा. कॉइल नव्या असताना रेझिस्टन्स सुमारे ८.८ ओहम होता, हे त्यातून कळतं. आता भट्टीची मेन वायर पूर्ण सोडवून मल्टीमीटरने मोजा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतील, ते नंतर वजा करा. आकडा मुळातच लहान असल्यामुळे एवढ्यानेही हिशेब चुकतो.

वजाबाकी करून १० ओहम आले, तर ती भट्टी २६ ऐवजी २३ अँपिअर घेते. ६ किलोवॅटचे ५.३ उरले. अशी भट्टी ९५०-१००० अंशांचं बिस्किट (ग्लेझ लावण्याआधीची भाजणी) निभावून नेते, पण स्टोनवेअरच्या ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, शेवटचे शंभर अंश चढता चढत नाहीत. बिल वाढतं आणि ग्लेझ तरी कच्चंच राहतं. रेझिस्टन्स मूळच्यापेक्षा दहा टक्क्यांनी वाढला की आम्ही भट्टी दुरुस्त करणारे कॉइल बदलायला सांगतो, आणि सगळ्या एकदम. नव्या-जुन्या मिसळल्या तर एका थरातली भांडी जास्त भाजतात, दुसऱ्यातली कमी.

खाचेतून बाहेर आलेली कॉइल पक्कडीने आत ढकलू नका. कांथलची (कॉइलच्या मिश्रधातूची) तार एकदा तापून निघाली की थंड असताना काचेसारखी तुटते. आम्ही वीज बंद ठेवून तेवढा भाग टॉर्चने लाल करतो आणि मग खाचेत बसवतो. भट्टीत भुसा किंवा कागद जाळून धुराची भाजणी केली होती का, हेही विकणाऱ्याला विचारा. अशा भाजणीत तारेवरचा ऑक्साइडचा थर खराब होतो आणि कॉइलचं आयुष्य घटतं.

विटा आणि पावसाळा

केसासारख्या बारीक भेगा असणारच, त्यांत सिमेंट भरू नका. तापल्यावर वीट फुगते, तिला ती जागा लागते. खाचांच्या तुटलेल्या कडा आणि ग्लेझचे चकाकणारे डाग मात्र बॅटरी लावून शोधा. सांडलेलं ग्लेझ प्रत्येक भाजणीत पुन्हा वितळतं, वीट खात आत उतरतं आणि कॉइलला लागलं तर कॉइलही जळते. इन्सुलेशनची वीट मऊ असते, हॅकसॉ ब्लेडने कापता येते. आम्ही तेवढा तुकडा काढून नवा बसवतो.

कोकणात किंवा उघड्या शेडमध्ये पावसाळा काढलेली भट्टी सुरू करताच ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. "वायरिंग गेलंय" म्हणून ती स्वस्तात विकली जाते, पण बरेचदा विटांनी नुसतं पाणी धरलेलं असतं. मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासलं की ते समजतं. मग झाकण थोडं उघडं ठेवून विटा १००-१२० अंशांवर सावकाश सुकवायच्या. ईएलसीबी बायपास करून भट्टी कधीही लावू नका. इथे जिवाशी गाठ आहे.

झाकणाला आतून पांढरी लोकरीसारखी सिरॅमिक फायबर असेल तर कोरडा झाडू मारू नका. एन-९५ मास्क लावा आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. फार जुन्या भट्टीच्या दाराची दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती उचकटू नका, आधी आम्हाला दाखवा.

कंट्रोलर आणि घरची वीज

के-टाइप थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा सेन्सर) १२०० अंशांच्या आसपास वारंवार वापरला की चुकीचं तापमान दाखवायला लागतो, म्हणून पहिल्या काही भाजण्यांत आत कोन (ठरावीक तापमानाला वाकणारे मातीचे छोटे सुळके) ठेवा. सॉलिड स्टेट रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडला तर बहुधा चालूच राहतो आणि भट्टी तापतच जाते. त्यामुळे अशा वेळी वीज तोडणारा वेगळा सेफ्टी कॉन्टॅक्टर नसेल तर आम्ही तो बसवतोच.

वर उदाहरणात घेतलेल्या ६ किलोवॅटच्या भट्टीला गिझरचा प्लग चालत नाही. स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि खात्रीचं अर्थिंग लागतं. वीजबिलावरचा 'मंजूर भार' भट्टी घरी आणण्याआधीच बघून घ्या.

पाटी, कॉइलच्या खाचा, झाकणाची आतली बाजू आणि वायरिंगचा डबा यांचे फोटो पाठवलेत, तर भट्टी बघायला जाण्यात अर्थ आहे का, हे आम्ही आधीच सांगू. आतल्या निम्म्याहून जास्त विटा ढासळल्या असतील तर घेऊ नका, असंच आमचं उत्तर असेल. दुरुस्तीनंतरची पहिली भाजणी आम्ही रिकाम्या भट्टीत १०५० अंशांच्या वर नेतो, म्हणजे नव्या तारेवर ऑक्साइडचा थर धरतो. त्या दिवशी शक्य असेल तर तुम्हीही या. त्या वेळचे ओहम आणि अँपिअर वहीत लिहून भट्टीसोबत देतो; दर सहा महिन्यांनी मोजून त्याच पानावर खाली लिहीत जा.