तेलकट मातीत जंतू सोडायचे की खत घालायचं?

गॅरेजमागची माती ऑइलने काळी पडली की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, 'तेल खाणारे जंतू टाका, काम फत्ते.' पुरावा म्हणून अलास्काचं नाव तयार असतं. ते उदाहरण नेमकं उलटं आहे. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखाताच्या किनाऱ्यांवर फवारलं ते खत. तेल खाल्लं तिथल्याच जंतूंनी. १९९० मध्ये तिथे बाजारातली दोन जंतू-उत्पादनं तपासली, तर विशेष फरक दिसला नाही.

मातीतल्याच जंतूंना खुराक देणं म्हणजे बायोस्टिम्युलेशन, बाहेरून आणून सोडणं म्हणजे बायोऑगमेंटेशन. खुराक म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, ओलावा आणि हवा खेळावी म्हणून उकरणी.

घोळ होतो विरजणामुळे. चमचाभर घातलं की पातेलंभर दही, हेच गणित आपण मातीला लावतो. पण दूध तापवून घेतलेलं असतं, तिथे विरजणाला मैदान मोकळं. माती कुणी तापवली? तिच्या चिमटीभरात कोट्यवधी जंतू आधीच ठाण मांडून असतात, शिवाय जंतूंवर जगणारे प्रोटोझोआ हे एकपेशी जीवही. प्रयोगशाळेत लाडात वाढलेला पाहुणा तिथे सहसा टिकत नाही. आणि त्याची गरजही क्वचितच असते. तेलातलं बेंझीन, टोल्युइन, डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन पचवणारे सुडोमोनास, ऱ्होडोकॉकस हे जंतू बहुतेक मातीत असतातच, आणि तेल सांडलं की त्यांची संख्या आपोआप वाढते. अडतं ते दुसरीकडे. तेलात कार्बन रग्गड, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. त्यात बेंझीनच्या रेणूतलं कार्बनचं कडं फोडायचं तर आधी जंतूंमधलं डायऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनचे दोन्ही अणू त्या कड्यावर बसवतं. पाणी तुंबलेल्या जमिनीत हवाच नसेल, तर पोतंभर जंतू ओतून काय होणार? हवेविना चालणाऱ्या वाटा आहेत, पण त्या फार संथ.

माझा खरा राग बाजारातल्या जंतूंच्या पुड्यांवर आहे. जंतूंसोबत आत खतही असेल, तर गुण कुणाचा? तीच पावडर जंतू मारून शेजारच्या वाफ्यात टाकून बघितली का, हे विचारलं की विक्रेता विषय बदलतो. नाहीतर आनंद चक्रवर्ती या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत घडवलेल्या, तेल खाणाऱ्या सुडोमोनासचं नाव घेतो. त्या जंतूने १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा पेटंटचा खटला जिंकून दिला हे खरं, पण उघड्यावर सांडलेल्या तेलावर तो कधी सोडलाच नाही.

बाहेरून जंतू सोडण्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. ड्रायक्लीनिंगचं परक्लोरोएथिलीन हे क्लोरीनयुक्त द्रावक भूजलात उतरलं, की त्याचं विघटन पुष्कळदा विषारी व्हिनाइल क्लोराइडपाशी अडून बसतं. तिथून पुढे नेणारा डिहॅलोकॉकॉइडिस हा जंतू मुळात तिथे नसेल, तर तो आणून सोडावाच लागतो. पण तो क्लोरीनचा मामला, आणि त्या जंतूला हवा मुळीच सोसत नाही. गॅरेजमागच्या मातीला आधी कुदळ लावा.