'इस्नोफिलिया' आजार कसा झाला?

उसाचा हंगाम लागला, गुऱ्हाळं पेटली की कोल्हापुरात शिंका आणि ढास घेऊन लॅबमध्ये गेलेली माणसं घरी येऊन सांगतात, "मला इस्नोफिलिया निघालाय." टायफॉईड निघावा तसा. मुळात तो म्हणजे इओसिनोफिलिया, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा वाढलेला आकडा. त्याला आजाराचं नाव चिकटलं ते आपल्याच देशात.

इओसिन या लाल रंगावरून या पेशींना १८७९ साली जर्मनीत नाव मिळालं. १९४३ मध्ये भारतात काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी रात्रीचा खोकला, दम आणि बेसुमार वाढलेले इओसिनोफिल असलेले रुग्ण नोंदवले आणि या दुखण्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' म्हटलं. त्यातल्या एकाला उपदंशासाठी आर्सेनिक दिलं, तर त्याचा दमही थांबला! हे दुखणं हत्तीरोगाच्या जंतांमुळे होतं, हे पुढे कळलं. त्यात या पेशींचा आकडा एका मायक्रोलिटर रक्तात सहसा ३००० च्या वर जातो. ॲलर्जीत तो बहुधा पाचशे ते दीड हजारात राहतो. नाव मात्र दोघांना एकच पडलं आणि साध्या धुळीच्या ॲलर्जीवालेही हत्तीरोगाच्या गोळ्या खात राहिले. हा घोळ रुग्णांनी घातलेला नाही.

टक्केवारीने त्यात भर घातली. ८ टक्के इओसिनोफिल म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी ५००० असतील तर ४००, म्हणजे ठीकच. त्या ११,००० असतील तर ८८०. म्हणून रिपोर्टवर टक्का न बघता 'एईसी', म्हणजे इओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा, बघायचा.

रिपोर्टमध्ये दिसणारं दुसरं नाव आयजीई. ॲलर्जीशी जोडलेलं हे प्रतिद्रव्य अमेरिका आणि स्वीडनमध्ये वेगवेगळं सापडलं, १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं. त्याआधी ॲलर्जीवाल्याचा रक्तद्रव दुसऱ्याच्या कातडीत टोचून बघत. एकूण आयजीई जंतांनीही वाढतं, त्यामुळे त्यावरून ॲलर्जी कशाची हे कळत नाही. त्यासाठी त्या-त्या पदार्थाचं वेगळं आयजीई मोजावं लागतं.

२००३ मध्ये अमेरिकेत आयजीईविरोधी इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याचा डोस वजन आणि आयजीईवर ठरतो. २०१५ पासून तीव्र दम्यासाठी इओसिनोफिल कमी करणारी इंजेक्शनं आली आणि ती कुणाला द्यायची हे ठरवताना १५०, ३०० असे आकडे बघू लागले. जुन्या, स्वस्त एईसीला असा पुन्हा भाव आला. फक्त रक्त देण्याआधी स्टिरॉइडची गोळी पोटात गेली असेल, तर काही तासांतच हा आकडा कोसळतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.