रात्रगाडीतील बर्थ आणि कुटुंबाची झोपण्याची सोय (मराठवाडा)

लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत प्रवाशाला रात्री आडवे होण्यासाठी नेमून दिलेली, क्रमांक असलेली जागा म्हणजे बर्थ. मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम आणि लातूर–मुंबई एक्सप्रेस किंवा नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस, या गाड्यांनी मराठवाड्यातली माणसे दवाखान्याला, लग्नाला, दर्शनाला जातात, आणि बहुधा एकटी जात नाहीत. सोबत गुडघे दुखणारी आजी असते, तान्हे लेकरू असते. अशा कुटुंबाची रात्र कशी जाईल हे गाडीत बसल्यावर नव्हे, तिकीट काढतानाच ठरते. डब्याचा खण (कंपार्टमेंट) आठ अनोळखी माणसांच्या हिशेबाने बांधलेला आहे. त्यात घर बसवायचे तर खणाची मांडणी आणि कोट्याचे नियम दोन्ही ठाऊक असावे लागतात.

खणाची मांडणी

स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या एका खणात आठ बर्थ असतात. समोरासमोर तीन-तीन, म्हणजे खालचा (लोअर), मधला (मिडल) आणि वरचा (अप्पर). आणि पॅसेजच्या पलीकडे खिडकीलगत साइड लोअर व साइड अप्पर. जुन्या निळ्या आयसीएफ बनावटीच्या स्लीपर डब्यात असे ९ खण, म्हणजे ७२ बर्थ असतात. नव्या एलएचबी बनावटीच्या डब्यात १० खण, ८० बर्थ. थ्री टायर एसीत हेच आकडे अनुक्रमे ६४ आणि ७२ आहेत.

बर्थचा क्रमांक हाती आला की तो कुठला हे आठने भागून कळते. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ उरली तर मिडल, ३ किंवा ६ उरली तर अप्पर, ७ उरली तर साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे ३३ हा लोअर, ३५ अप्पर, ४० साइड अप्पर. सहा जणांच्या कुटुंबाला ३३ ते ३८ मिळाले तर एक पूर्ण खण हाती आला; ३६ ते ४१ मिळाले तर शेवटचा माणूस पुढच्या खणात गेला. टू टायर एसीत मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे सहाने भागायचे: १ व ३ लोअर, २ व ४ अप्पर, ५ साइड लोअर, बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर. चौघांच्या कुटुंबाला टू टायरचा पडदा लावलेला खण सर्वांत सोयीचा पडतो. फर्स्ट एसीत आतून बंद होणाऱ्या दाराची चार बर्थची केबिन आणि दोन बर्थची कूपे असते, पण यांपैकी काय मिळणार हे चार्ट (बर्थवाटपाची अंतिम यादी) लागल्यावरच कळते.

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळातच लावायचा असा नियम आहे. तो लागला की लोअरवर ताठ बसता येत नाही. लातूर–मुंबई लातूरहूनच रात्री उशिरा सुटते, त्यामुळे चढताच बर्थ लावायचे असतात. जेवण घरून किंवा स्टेशनवर उरकून चढलेले बरे. मुंबईकडे जाणारी देवगिरी छत्रपती संभाजीनगरला येते तेव्हा नांदेड-परभणीहून चढलेले प्रवासी झोपलेले असतात, दिवे मालवलेले असतात आणि लोअरखालची सामानाची जागा भरलेली असते. तिथून चढणाऱ्यांनी मोठ्या एका बॅगेपेक्षा दोन लहान बॅगा घेतल्या तर त्या कुठेतरी सरकवता येतात.

मधला बर्थ लावणे हे दोघांचे काम आहे. एकाने बर्थ सपाट पातळीपर्यंत उचलून धरायचा, दुसऱ्याने आधी एका टोकाचा, मग दुसऱ्या टोकाचा हूक किंवा खटका बसवायचा. बर्थ खाली येण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे अर्धवट अडकलेला हूक. चादरीचा कोपरा किंवा पिशवीचा बंद मध्ये आला की हूक बसल्यासारखा दिसतो, पण तळापर्यंत गेलेला नसतो. गाडीने ब्रेक मारला की सुटतो आणि खाली झोपलेल्यावर आदळतो, आणि खाली बहुधा घरातले सर्वांत म्हातारे माणूस असते. म्हणून वर कोणी चढण्याआधी दोन्ही टोकांवर हाताने जोर देऊन पाहावे. खटका झिजलेला वाटला तर टीसीला दाखवावा किंवा रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तोपर्यंत त्या बर्थखाली कोणी झोपू नये.

जुन्या डब्यांत साइड लोअर हा समोरासमोरच्या दोन सीटच्या पाठी आडव्या पाडून होतो. त्या दोन पाठी जिथे मिळतात तिथे फट राहते आणि ती नेमकी कमरेखाली येते. स्लीपरमध्ये अंथरूण मिळत नाहीच, त्यामुळे घरून आणलेली वाकळ चौपदरी करून त्या फटीवर घालावी. आरएसी तिकीट (पूर्ण बर्थ नाही, फक्त बसायची जागा पक्की) असेल तर याच साइड लोअरवर दोघांना बसून जावे लागते. साइड अप्पर छताच्या उतारामुळे बसायला अपुरा आणि उंच माणसाला आखूड पडतो. तो सडपातळ तरुणाला द्यावा.

लोअर बर्थ कोणाला आणि कसा मिळतो

मार्च २०२० पासून ज्येष्ठांची भाडेसवलत बंद आहे, त्यामुळे लोअर बर्थचा कोटाही गेला असे पुष्कळांना वाटते. तो गेलेला नाही. ६० वर्षांवरील पुरुष, ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक स्लीपर डब्यात ६ ते ७, थ्री टायर एसीत ४ ते ५ आणि टू टायरमध्ये ३ ते ४ लोअर बर्थ राखलेले असतात.

घोळ होतो तो एकत्र तिकिटात. हा कोटा प्रवासी एकटा असेल किंवा निकषात बसणारे दोघेच एका तिकिटावर असतील तेव्हाच लागू होतो. आजी-आजोबांसोबत मुलगा, सून आणि नातवंडे एकाच पीएनआरवर (तिकीट क्रमांकावर) घातली की कोटा निघून जातो आणि मग ७० वर्षांच्या आजींच्या वाट्याला अप्पर येऊ शकतो. संगणक त्यांचे वय पाहत नाही असे नाही, पण सर्वसाधारण वाटपात लोअर शिल्लक असेल तरच देतो. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. याची किंमतही आहे, दोन पीएनआर दोन डब्यांत जाऊ शकतात. ज्यांना रात्री उठवून औषध द्यायचे असते किंवा विसरण्याचा आजार असतो, त्यांच्यासाठी एकाच डब्यात असणे लोअरपेक्षा महत्त्वाचे. अशा वेळी एकत्र तिकीट काढून ‘किमान एक लोअर मिळाला तरच आरक्षित करा’ हा पर्याय निवडणे बरे. एका पीएनआरवर जास्तीत जास्त सहा जण बसतात, म्हणून आठ-दहा माणसांच्या घराला तिकीट तसेही फोडावेच लागते. तेव्हा ते मनाला येईल तसे न फोडता प्रत्येक तिकिटावर एक धडधाकट माणूस राहील असे फोडावे.

लोअर पक्का झाला की ऑटो अपग्रेडची खूण काढून टाकावी. वरच्या वर्गात फुकट जागा मिळाली तरी तिथे अप्पर मिळू शकतो. आणि एवढे करूनही अप्परच आला, तर डब्यात रिकामा राहिलेला लोअर अशा प्रवाशाला देण्याची मुभा टीसीला आहे. चढल्या-चढल्या जाऊन विचारावे. सहप्रवाशाशी अदलाबदल त्याच्या राजीखुशीनेच होते. त्याला लोअरच्या बदल्यात अप्पर देण्याऐवजी आपल्याजवळचा, पण दुसऱ्या खणातला लोअर देऊ केला तर माणूस सहसा नाही म्हणत नाही.

लहान मुले

५ वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण तिकिटाशिवाय बर्थही मिळत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाचे दोन प्रकारे तिकीट निघते: बर्थ नको म्हटले तर अर्धे भाडे, बर्थ हवा तर पूर्ण भाडे. पैसे वाचवायला अर्धे तिकीट काढलेले दहा वर्षांचे मूल आईजवळ झोपते तेव्हा दोघांपैकी कोणालाच झोप लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत हे एखादी रात्र निभते. सचखंडसारख्या दोन दिवसांच्या प्रवासात नाही. मुलाला अप्परचे अप्रूप असते, पण दहाखालच्या मुलाला तिथे एकटे झोपवू नये. त्या बर्थला कडेला आधार असला तरी तो सलग नसतो. मधल्या बर्थवर, भिंतीकडे तोंड करून आणि बाहेरच्या बाजूला गुंडाळलेल्या चादरीची वळकटी लावून ते त्यामानाने सुरक्षित राहते.

तान्ह्या बाळासाठी साडीची झोळी बांधण्याची पद्धत स्लीपरमध्ये अजून रूढ आहे. समोरासमोरच्या अप्पर बर्थच्या पक्क्या लोखंडी सांगाड्याला साडीची दोन टोके बांधतात आणि झोळी दोन लोअरच्या मधल्या जागेत लोंबते. बांधायचीच तर जुने सुती लुगडे घ्यावे, नायलॉनच्या साडीची गाठ वजनाने घसरते. मधल्या बर्थच्या साखळीला किंवा हुकाला झोळी कधीही बांधू नये. झोक्यागणिक हूक सैल होतो आणि वरचा माणूस व खालचे बाळ दोघेही धोक्यात येतात. झोळीचा तळ लोअरच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नये. आई जागी असेपर्यंतच ती वापरावी. आई झोपताना बाळ लोअरवर भिंतीच्या बाजूला घ्यावे. रेल्वेने २०२२ मध्ये लखनऊ मेलच्या एका डब्यात लोअरला जोडलेला, घडी होणारा बाळबर्थ लावून पाहिला होता. मराठवाड्याच्या गाड्यांत आईला अजून स्वतःची कूसच वापरावी लागते.

थंडीत परभणीचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत असतो. डिसेंबर-जानेवारीत स्लीपरची काच बंद केली तरी फटीतून वारा लागतो, आणि खिडकीकडे डोके असणाऱ्या लोअरवरच्याला तो सर्वांत जास्त लागतो. डोके पॅसेजकडे करावे, कानटोपी घालावी. एसीत दोन चादरी, उशी आणि ब्लँकेट मिळते. तरी लेकरासाठी आपली वाकळ असू द्यावी.

दिव्यांग प्रवासी

स्लीपर आणि थ्री टायर एसीत दिव्यांग व त्यांच्या सोबत्यांसाठी चार बर्थ राखीव असतात, दोन लोअर आणि दोन मिडल. सवलतीचे तिकीट ऑनलाइन काढायला रेल्वेने दिलेले दिव्यांग ओळखपत्र लागते; ते आधीच करून ठेवावे, कारण पडताळणीला वेळ जातो. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला आणि पूर्ण अंध व्यक्तीला स्लीपर व थ्री टायर एसीत ७५ टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तेवढीच.

खरी अडचण तिकिटानंतर सुरू होते. फलाट उंच प्रतीचा असला तरी त्याची उंची जास्तीत जास्त ८४ सेंटिमीटर आणि डब्याची फरशी रुळापासून सुमारे १३० सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटाची चढण उरते. खालच्या फलाटावर ती आणखी वाढते. नेहमीची व्हीलचेअर डब्याच्या पॅसेजमध्ये शिरत नाही, म्हणून दारात घडी करून माणसाला दोघांनी धरून बर्थपर्यंत न्यावे लागते. दारापासून जवळचा खण म्हणूनच सोयीचा. शौचालयही जवळ पडते, जरी दारांचा आवाज रात्रभर सोसावा लागला तरी. रुंद दरवाजा आणि आधाराच्या दांड्या असलेले शौचालय बहुधा गार्डच्या डब्यालगतच्या दिव्यांग कक्षात असते, आणि तो गाडीच्या टोकाला असल्याने तिथवर जायला फलाटभर चालावे लागते.

सेलू, परतूर, मानवत रोड अशा स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटेच थांबते. तिथे चढण्याचा क्रम आधी ठरवून ठेवावा: धडधाकट एक जण प्रथम वर, मग वर हात देऊन म्हातारे माणूस, मग मुले, आणि शेवटी खालून सामान देणारा. आपला डबा पुढे गेला तरी पळू नये, समोरच्या आरक्षित डब्यात चढून आतून चालत जावे. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी हा उपाय चालत नाही, त्यामुळे त्यांनी डब्याची जागा आधी विचारून फलाटावर तिथेच थांबावे, आणि जमल्यास जालना, परभणी किंवा नांदेड अशा जास्त वेळ थांबणाऱ्या स्टेशनवरून चढण्याचे तिकीट काढावे.