फाशीच्या कैद्यांची मोजदाद : दिल्लीतील एका विद्यापीठीय संशोधनाची पार्श्वभूमी

मृत्युदंड ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात घालून दिले. सत्र न्यायालये ते प्रत्यक्षात कसे लावतात, हे तपासायला लागणारी साधी माहिती मात्र पुढची तीन दशके कोणत्याही सरकारी दप्तरात एकत्र नव्हती. ही उणीव न्यायालयालाही जाणवत होती, आणि ती महाराष्ट्रातून आलेल्या दोन अपिलांत उघडपणे बोलून दाखवली गेली. २००९ च्या बरियार निकालात कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने विश्वासार्ह संशोधन करावे असे सुचवण्यात आले. २०१३ च्या खाडे निकालात पुन्हा विधी आयोगाकडेच बोट दाखवले गेले. दरम्यान, आठ वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात कसाबला फाशी देण्यात आली होती.

या पार्श्वभूमीवर २०१३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात अनूप सुरेंद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने, फाशीच्या कैद्यांचा अभ्यास सुरू झाला. विद्यार्थी-संशोधकांनी निरनिराळ्या राज्यांतील तुरुंग गाठून ३८५ पैकी ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. अनेकांच्या कुटुंबीयांनाही ते भेटले. मे २०१६ च्या अहवालानुसार जवळजवळ तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. वर्तमानपत्रांनी हाच आकडा उचलला. कायद्याच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट मात्र वेगळी होती : सत्र न्यायालयांनी ठोठावलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी शिक्षा अखेरपर्यंत टिकल्या, तर सुमारे तीस टक्के कैदी निर्दोष सुटले. त्याआधीच, ऑगस्ट २०१५ मध्ये, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवादी गुन्हे व युद्ध पुकारणे वगळता मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली होती.

मोजदाद करणारे पुढे कोर्टातही उभे राहू लागले. मोफत विधी साहाय्याची तरतूद करणाऱ्या संविधानातील कलमावरून विद्यापीठातील या संशोधन केंद्राने ‘प्रोजेक्ट ३९ए’ हे नाव घेतले. केवळ संशोधन करणाऱ्या संस्थेने वकिली करावी का, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पण कैद्याचे बालपण, आजारपण, घरची स्थिती कोर्टापुढे मांडणारे दुसरे कोणी बहुधा नसतेच. २०२१ च्या अभ्यासात तपासलेल्या ८८ कैद्यांपैकी ६२ टक्क्यांना मानसिक आजार असल्याचे आढळले. मे २०२२ मध्ये मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीच्या मानसिक स्थितीचा व पूर्वायुष्याचा तपशील मागवणे बंधनकारक केले आणि सप्टेंबरमध्ये हा विषय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. ते सिद्ध झाले राजस्थानातील एका शाळेच्या दाखल्यावरून. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती.