गव्हाचे रुपये आणि मराठीची पुस्तके : अमेरिकेतील दक्षिण आशिया अभ्यासाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या शिक्षण खात्यात परदेशी भाषा आणि प्रदेश यांच्या अभ्यासाला अनुदान देणारे एक लहानसे कार्यालय होते. मार्च २०२५ मध्ये खात्याने केलेल्या मोठ्या कर्मचारीकपातीत हे कार्यालय रिकामे झाले. त्याच वर्षी पुढे विद्यापीठांतील प्रादेशिक अभ्यासकेंद्रांना आणि भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना मिळणारा पुढील वर्षाचा निधीही थांबवण्यात आला. वरवर पाहता ही त्या देशाची घरगुती बाब आहे. परंतु मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर उघडणारा मराठी वाचक बहुधा शिकागो विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर जाऊन पोचतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच शोधता येतो. हे कोश तिथे चढवणाऱ्या प्रकल्पाला पैसा मिळाला तो याच अनुदानाच्या थैलीतून. अमेरिकी करदात्याचा पैसा मराठी कोशांपर्यंत कसा पोचला, हे समजून घ्यायचे तर शीतयुद्धात मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतील विद्यापीठांना भारत ठाऊक होता तो मुख्यतः संस्कृतच्या द्वारे. येल, हार्वर्ड अशा ठिकाणी वेद, व्याकरण आणि बौद्ध ग्रंथ शिकवले जात. आजच्या भारतीय भाषांना तिथे जवळजवळ थारा नव्हता. युद्धात अमेरिकेला ही उणीव जाणवली. सैन्य ज्या प्रदेशांत पाठवायचे तेथील भाषा जाणणारी माणसे मिळेनात, तेव्हा सैनिकांसाठी घाईघाईने भाषावर्ग काढण्यात आले आणि ओ. एस. एस. या गुप्तवार्ता संस्थेच्या संशोधन शाखेत इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ, प्राच्यविद्यापंडित असे सगळेच भरती झाले. एरिया स्टडीज म्हणजे क्षेत्र-अभ्यास या विद्याशाखेचे पहिले मोठे केंद्र कोणत्याही विद्यापीठात नसून वॉशिंग्टनमधल्या या कचेरीतच होते, असे पुढे केनेडींचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनीच म्हणून ठेवले आहे. वडील मिशनरी असल्यामुळे बालपणाची काही वर्षे भारतात काढलेले संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन हेही त्या काळात ओ. एस. एस.मध्ये होते. युद्धानंतर, १९४८ मध्ये, त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्यात भाषेबरोबर इतिहास, अर्थकारण, समाजशास्त्र आणि राजकारण यांचीही सांगड घातलेली होती.

तरीही हा उद्योग बराच काळ फोर्ड, रॉकफेलर अशा खासगी प्रतिष्ठानांच्या देणग्यांवरच चालला. सरकारी तिजोरी उघडली ती ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर. अमेरिका विज्ञानात मागे पडली या धास्तीपोटी पुढच्याच सप्टेंबरात राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. गणित आणि विज्ञानासाठी केलेल्या त्या कायद्याच्या सहाव्या प्रकरणात परकीय भाषांची सोय होती. देशाच्या संरक्षणाला आवश्यक असलेल्या, पण पुरेशा शिकवल्या न जाणाऱ्या भाषांची केंद्रे विद्यापीठांनी काढावीत आणि त्यांच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटा सरकारने उचलावा, अशी ती योजना होती. अग्रक्रमाच्या पहिल्या सहा भाषांत अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन आणि हिंदी-उर्दू यांचा समावेश होता. मराठी बंगाली, तमिळ, तेलुगूसह दुसऱ्या फळीत होती. ज्ञानेश्वरी किंवा केशवसुत यांच्यासाठी कोणी मराठी यादीत घातली नव्हती, हे लक्षात ठेवलेले बरे.

वर्गासाठी पैसा आला, पण वाचायला पुस्तके हवीत. ती आली गव्हाच्या पाठीवर बसून. अमेरिकेत शेतमालाचे अतोनात पीक साठले होते आणि भारताकडे धान्य विकत घ्यायला डॉलर नव्हते. १९५४च्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० मुळे, म्हणजे आपण ज्याला पी. एल. ४८० म्हणतो त्यामुळे, अडचणीतल्या देशांना आपल्याच चलनात पैसे भरून हे धान्य घेता येऊ लागले. भारताने १९५६ मध्ये करार केला. महाराष्ट्रात रेशनच्या दुकानावर मिळालेला तांबडा गहू आणि पुढे आलेली मिलो ज्वारी यांच्या भाकरी-चपात्यांबद्दल जुनी माणसे अजूनही नाक मुरडून बोलतात. गाजरगवतही याच गव्हातून आले असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांकडे त्याआधीच्या नोंदी असल्यामुळे ते प्रकरण वाटते तितके सरळ नाही, पण त्या धान्याविषयीची नाराजी त्या समजुतीत पुरेपूर उतरली आहे. भारत सरकारने गव्हापोटी भरलेले रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत गेले. त्यांचे डॉलर करता येत नव्हते, ते इथेच खर्च करायचे होते, आणि ढीग इतका वाढला की तो खर्चावा कसा हाच प्रश्न पडला.

त्यावर अमेरिकी संसदेतील मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी १९५८ मध्ये एक दुरुस्ती मंजूर करून घेतली : या साठलेल्या परकीय चलनातून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयाने अमेरिकी ग्रंथालयांसाठी पुस्तके विकत घ्यावीत. १९६२ मध्ये ग्रंथालयाने नवी दिल्लीत कार्यालय थाटले. पुस्तकविक्रेत्यांमार्फत भारतीय भाषांत छापली जाणारी पुस्तके मागवायची, त्यांची सूचिपत्रे तयार करायची, दरमहा नव्या आगमनांची छापील यादी काढायची आणि प्रत्येक शीर्षकाच्या अनेक प्रती पेट्यांत भरून बोटीने निरनिराळ्या विद्यापीठांकडे रवाना करायच्या, असा तो कारभार होता. विद्यापीठाला एकेक पुस्तक निवडत बसावे लागत नसे. जे येई ते फडताळावर चढे. त्यामुळे मान्यवर कादंबरीच्या शेजारी एखाद्या जिल्ह्याच्या गावी लेखकाने पदरमोड करून छापलेले चरित्र, सरकारी अहवाल, नाटकाची संहिता आणि नियतकालिकांचे अंक येऊन बसले. चाळणी लावून जमवलेल्या कोणत्याही संग्रहात यातले निम्मे शिरले नसते. महाराष्ट्रात पहिल्या आवृत्तीनंतर वाऱ्यावर गेलेली पुस्तके आज शिकागोत किंवा फिलाडेल्फियात सापडतात याचे कारण कोणाचा अभिरुचिसंपन्न निर्णय नव्हे. सरसकट खरेदीच्या त्या धोरणाने हे घडवले.

पुण्याचे नाव या गोष्टीत लवकर येते. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले होते. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या काळात, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून, रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तिथे भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ शिकवायला आले आणि इकडचे तरुण तिकडे गेले. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिविचारावर आणि रूपविचारावर कॉर्नेल विद्यापीठातून १९५८ मध्ये पीएच. डी. मिळवली. ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली तेव्हा तिचे भारतातील पहिले बिऱ्हाड डेक्कन कॉलेजातच होते. तिच्या शिष्यवृत्त्यांचा मोठा भार पुढे त्याच गव्हाच्या रुपयांनी वाहिला.

ज्याने पैसा दिला त्याला हवे होते तेच ज्ञान मिळाले का, असा प्रश्न इथे विचारला पाहिजे, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. शीतयुद्धाच्या हिशेबात भारत म्हणजे मतदान, अन्नटंचाई, कम्युनिस्ट पक्ष आणि चीनची सीमा. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये सादर केलेला प्रबंध मात्र डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर होता. महाराष्ट्रातील विद्यापीठांतही तेव्हा या विषयाला क्वचितच हात लावला जात होता. त्यांनी ज्यावर भिस्त ठेवली ती सामग्री सरकारी दप्तरात नव्हती; ती चळवळीतील माणसांच्या घरांत, जुन्या पत्रकांत आणि वसंत मून यांच्यासारख्या संग्राहकांच्या गाठोड्यांत होती. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिला, जाई निंबकर यांच्यासह मराठीचे संदर्भ-व्याकरण केले, पुढे भारतीय नागरिकत्व घेतले आणि फलटणलाच शाळा काढली. ॲन फेल्डहाउस महानुभाव वाङ्मयाकडे वळल्या आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत त्यांनी केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, पुरा केला आणि त्या कासेगावला येऊन थेट चळवळीतच उतरल्या. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी ही पिढी होती. वॉशिंग्टनला उपयोगी पडेल असे काही तिच्याकडून फारसे निघाले नाही, आणि मराठीच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. जर्मनीतही समांतर प्रवाह होता : हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले ग्युंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या मागे वर्षानुवर्षे माळरानांवर हिंडले.

भारतात या सगळ्याकडे भाबडेपणाने पाहिले जात होते असे नाही. दुष्काळामुळे १९६६ मध्ये भारताला सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले, आणि त्याच सुमारास व्हिएतनामवरील भारताच्या टीकेने चिडलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाच्या बोटी थोडथोडक्या मुदतीने, हात आखडता घेऊन सोडण्याचे धोरण ठेवले. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा जॉन्सन यांनी साठलेल्या रुपयांतून तीस कोटी डॉलरच्या किमतीचे भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठान काढण्याची कल्पना मांडली. भारतीय प्राध्यापकांचा आणि डाव्या पक्षांचा तीव्र विरोध झाला आणि ती योजना बासनात गेली. १९६७ मध्ये एशिया फाउंडेशन या अमेरिकी संस्थेला सी. आय. ए.चा पैसा मिळत असल्याचे उघड झाले. पाठोपाठ, बर्कलीचा हिमालयीन सीमाप्रदेशांविषयीचा संशोधनप्रकल्प अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालल्याचे बाहेर येऊन संसदेत गदारोळ झाला. तेव्हापासून परदेशी संशोधकाचा विषय, त्याचा मार्ग आणि त्याचा पैसा यांची सरकारी छाननी कडक झाली. १९७१च्या युद्धाने उरलासुरला विश्वासही घटवला. आपल्या विषयाचा गुप्तहेरीशी दुरान्वयानेही संबंध नसताना व्हिसासाठी महिनोन् महिने खोळंबलेल्या अभ्यासकांनी याची किंमत मोजली, पण संशय निराधार नव्हता.

रुपयांचा ढीग अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये निकालात निघाला. अमेरिकी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला आणि बहुतांश देणे मिटवले. काही रक्कम अमेरिकेच्या वापरासाठी राखली गेली. पुस्तकखरेदी त्यावर आणखी काही वर्षे चालली आणि मग ग्रंथालयांनी स्वतःची वर्गणी भरून ती सहकारी पद्धतीने चालू ठेवली.

भारतानेही आपल्या परीने हाच मार्ग चोखाळला होता. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था सुरू झाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. १९६०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने क्षेत्र-अभ्यासाची योजना आखली, आणि तिच्याखाली मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये आफ्रिका अभ्यासाचे केंद्र आले. मुंबई बंदराचे पूर्व आफ्रिकेशी शतकानुशतकांचे नाते पाहता ही निवड अगदी योग्य होती. पण आपल्या केंद्रांत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास वाढला आणि त्या मानाने त्या देशांची भाषा, वाङ्मय, लोकजीवन यांचा वाढला नाही. स्वाहिली वाचणारे किती मराठी अभ्यासक आपण तयार केले, हा प्रश्न अवघड जागी लागणारा आहे.

तात्त्विक हल्ला १९७८ मध्ये आला. साहित्यसमीक्षक एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' या पुस्तकात युरोपीय प्राच्यविद्येवर टीका करताना अमेरिकी क्षेत्र-अभ्यासालाही तिचा वारसदार म्हणून त्याच पंक्तीत बसवले. शिकागोचे मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन तर त्याआधीपासूनच जनगणना, कोश, व्याकरण ही ब्रिटिश राज्यकारभाराची हत्यारे कशी होती हे दाखवत होते. याचा परिणाम असा झाला की पुढची पिढी आपण ज्ञान मिळवतो ते कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी, हे स्वतःलाच विचारू लागली. इकडे पुण्यात याच प्रश्नाने वेगळेच उग्र रूप घेतले : अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि परदेशी अभ्यासकाला मदत केल्याचा राग संस्थेच्या कपाटांवर निघाला. त्या दिवशी नासधूस झाली ती इथल्याच संग्रहाची.

निधीची चाके मात्र तत्त्वचर्चेवर कधीच फिरली नाहीत. १९५८च्या कायद्याच्या सहाव्या प्रकरणातील भाषांची तरतूद १९८० मध्ये उच्च शिक्षण कायद्यात हलवण्यात आली. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अरबी, उर्दू, पश्तो यांच्यावर पैसा वळला. २०११ मध्ये या कार्यक्रमांच्या रकमेला सुमारे चाळीस टक्क्यांची कात्री लागली. त्यात मराठीसारख्या, एका वर्गात चार-पाच विद्यार्थी असणाऱ्या भाषेला झळ आधी बसते, कारण असा वर्ग शुल्कावर चालत नाही. तो चालतो केंद्राच्या अनुदानावर आणि विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीवर. २०२५चा निर्णय या दोन्ही आधारांवर पडला आहे. पुस्तके तिथेच राहतील आणि कोशही बहुधा चालू राहतील, कारण ते एकदा उभे झाले आहेत. दुसऱ्या फळीच्या यादीतून सुरू झालेली शिकवणी मात्र दरवर्षी नव्याने पैसा मागते. तो आता विद्यापीठांनी आपल्या निधीतून द्यायचा, तिथल्या मराठी मंडळांनी उभा करायचा, की महाराष्ट्रातून पाठवायचा, हे ठरायचे आहे. अमेरिकेतील तमिळ भाषकांनी हार्वर्डमध्ये तमिळचे अध्यासन वर्गणीतून उभारल्याचे उदाहरण समोर आहे.